छतावरचा अँटेना, दारातला हवालदार

हवालदार आले तेव्हा मी छतावर वाळत घातलेले कपडे काढत होते. वडीगोद्रीत आमचं घर हायवेपासून दोन गल्ल्या आत आहे. पोलिसांची मोटारसायकल आत वळली की सगळ्या ओट्यांवरची बोलणी थांबतात, तशी ती थांबलेली मला वरूनच कळली. मंग सासऱ्यांचा आवाज आला, "बाई, खाली ये. साहेब आल्यात."

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांचा जन्म मेंढरांमागं हिंडण्यात गेला. आता कळप विकला, थोडी शेती आहे. नवरा जालन्याला कारखान्यात पाळीवर असतो, आठवड्यातून एकदा येतो. त्यामुळे त्या संध्याकाळी घरात आम्ही दोघंच.

हवालदार वयस्क होते, बोलायला नरम. खुर्चीवर बसले, पाणी घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तक्रार आलीय. छतावर यंत्र लावलंय, तुम्ही आमचं वायरलेस ऐकून राह्यल्या म्हणत्यात."

कपड्यांची चळत माझ्या हातातच राहिली.

मी एका शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. लहरींचा धडा चालू असताना मुली जांभया देतात हे मला सहन होईना, म्हणून एक डोंगल मागवलं होतं. पेनड्राइव्हएवढं. संगणकाला जोडलं की त्याचा रेडिओ होतो, आणि कुठली लहर धरायची, तिच्यातून आवाज कसा काढायचा, हे सगळं काम सॉफ्टवेअर करतं. ते सॉफ्टवेअरही ओपन सोर्स, कुणाकुणा अनोळखी माणसांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळं सोडलेलं. हवामानाचा उपग्रह डोक्यावरून जाताना ढगांचं चित्र खाली पाठवत जातो, ते आपल्या घरात उतरवता येतं असं वाचलं होतं. मला ते चित्र मुलींना दाखवायचं होतं.

सोपं काहीच निघालं नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर विंडोज. ते डोंगलला ओळखतच नव्हतं, त्याला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, शोधून बसवावा लागला. घरी दुसरा एक संगणक होता, जुन्या जालन्यातून वापरलेला म्हणून आणलेला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स. तिथे उलटं दुखणं. हे डोंगल मुळात टीव्ही बघण्यासाठी बनवलेलं, म्हणून लिनक्स त्याला टीव्हीच समजून धरून बसायचं आणि रेडिओच्या सॉफ्टवेअरला हात लावू द्यायचं नाही. दोन्ही संगणकांची समजूत काढण्यात महिना गेला. मामांनी प्लॅस्टिकच्या पाइपावर अॅल्युमिनियमच्या दोन काड्या इंग्रजी व्हीसारख्या बसवून दिल्या. तो आमचा अँटेना. गल्लीला दिसत होता तो तेवढाच.

"ढगांचा फोटो येतो, साहेब," मी म्हणाले. "पाठवता काही येत नाही यातून. फक्त घेता येतं."

"असंल. पण मला रिपोर्ट लिहायचाय. दाखवता का?"

मी मोबाइलवर वेळ पाहिली. उपग्रह सहा वाजून गेल्यावर दक्षिणेकडून उगवणार होता आणि बारा-तेरा मिनिटांत उत्तरेला मावळणार होता. हातात वीस मिनिटं होती. तो चुकला असता तर पुढचा सकाळी, आणि हवालदार सकाळपर्यंत थांबणार नव्हते.

त्यांनी आधी अँटेना बघायला मागितला. मामांनी तो छतावरून सोडवून खाली आणला. हवालदारांनी काड्या वाकवून पाहिल्या, वायर हातात फिरवली, आणि दाराशी जमलेल्या चारपाच लोकांनीही त्यांच्याबरोबर माना फिरवल्या. मी लॅपटॉप उघडला, डोंगल लावलं, सॉफ्टवेअर सुरू केलं. "उपकरण सापडलं नाही."

पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. तेच. आदल्या दिवशी विंडोजनं स्वतःला अपडेट करून घेतलं होतं आणि जाताना माझा ड्रायव्हर काढून आपला जुना बसवला होता. तो बदलायचं साधन पुन्हा उतरवायचं तर नेट हवं, आणि मोबाइलला रेंजची एकच काडी.

"न्हाई चालत का?" हवालदारांनी विचारलं. त्यांच्या आवाजात संशय नव्हता, पण दाराशी कुणीतरी हळूच म्हणालं, "आत्ताच कामून बंद पडलं?" ते मी ऐकलं. मामांनीही ऐकलं.

मी डोंगल काढून आतल्या खोलीत नेलं आणि लिनक्सचा संगणक चालू केला. तो सुरू व्हायलाच तीन-चार मिनिटं घ्यायचा. हवालदार माझ्या मागे येऊन उभे राहिले. टीव्हीची पकड सोडवायची एक ओळ टाइप करायची होती, तिला पासवर्ड लागतो. पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बराबर पडला, आणि पडद्यावर लहरींचा निळा पट्टा खाली सरकू लागला. तेव्हा लक्षात आलं की अँटेना अजून खालीच आहे, आणि तो पुन्हा बांधायला वेळ नाही.

"मी धरतो," मामा म्हणाले. पाइप खांद्यावर टाकून ते जिना चढले. वायर मी खिडकीतून आत ओढून घेतली.

उपग्रह उगवून दोनेक मिनिटं झाली असतील तेव्हा निळ्या पट्ट्यात एक पांढरी रेघ उमटली, आणि स्पीकरमधून घड्याळासारखी टिकटिक सुरू झाली. हवालदार पुढे वाकले. चित्र एकेका ओळीनं उतरू लागलं. खरखर, काळं पाणी, मग जमिनीची कड, तिच्यावर ढगांचे पांढरे पुंजके. छतावर मामांचा हात हलला की मधेच दोन ओळी नुसत्या ठिपक्यांच्या यायच्या.

"हे उलटं दिसतंय," हवालदार म्हणाले.

"उपग्रह खालून वर चाललाय, म्हणून. नंतर फिरवून घ्यायचं."

टिकटिक विरत विरत बंद झाली. मी चित्र फिरवलं. देशाचा खालचा निमुळता भाग सगळ्यांना ओळखू आला. दाराशी मघाशी कुजबुजलेला माणूसच म्हणाला, "आरं, खरंच हाय की."

हवालदारांनी वही काढली. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी पेन थांबवून सहज विचारलं, "मॅडम, याच्यात दुसरं काही येतं का? आमचं कधी ऐकलंत?"

याच प्रश्नाला मी मघापासून भीत होते. पहिल्याच आठवड्यात, उपग्रहाची लहर कुठे आहे हे नीट माहीत नसताना, मी पट्टा इकडेतिकडे सरकवत बसले होते आणि अचानक दोन माणसांचं बोलणं कानात आलं होतं. "गाडी मागच्या गेटला लाव," एवढंच. पोलीस होते, कारखान्याचे पहारेकरी होते की आणखी कोण, कळलं नाही. मी दचकून सॉफ्टवेअर बंद केलं होतं आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर कुणालाही कळलं नसतं.

मामा पाइप घेऊन दारात येऊन उभे होते.

"एकदा," मी म्हणाले. "चुकून. कुणाचं ते माहीत नाही. एक वाक्य ऐकलं आणि बंद केलं. पुन्हा त्या बाजूला गेले नाही."

हवालदार माझ्याकडे बघत राहिले. "हे मला लिहावं लागंल, मॅडम."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. डोंगल कागदात गुंडाळून घेतलं, पोच दिली आणि गेले. गल्ली पांगली. मामा ओट्यावर बसून दंड चोळत होते. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "न्हाई म्हणली असतीस तर चाललं असतं."

"चाललं असतं, मामा."

"मंग?"

मी तेलाची बाटली आणून त्यांच्या हातात दिली.

पुढचे दिवस वाईट गेले. शाळेत स्टाफरूममध्ये मी गेले की विषय बदलायचे. नवरा फोनवर ओरडला. एकदा अंबडला पोलीस कचेरीत जाऊन लेखी जबाब दिला. एसटीतून जाताना मांडीवर घेतलेली कागदांची फाइल घामानं ओली झाली होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, "हे हवालदारांनी पकडलं का तुम्ही सांगितलं?"

"मीच सांगितलं."

त्यांनी कायदा समजावला. आपल्यासाठी नसलेलं बोलणं ऐकायचं नाही, ऐकू आलं तर पुढे सांगायचं नाही. तसं लिहून घेतलं, सही घेतली आणि डोंगल परत दिलं.

शाळेत तो प्रयोग करायची परवानगी काही मिळाली नाही. "आपल्याला ताप नको," एवढंच मुख्याध्यापक म्हणाले. मी वाद घातला नाही. पण अकरावीच्या तीन मुली एका रविवारी स्वतःहून घरी आल्या. एकीनं भावाचा लॅपटॉप आणला होता, त्यावर तिसरंच काहीतरी दुखणं निघालं, आणि ते शोधण्यात दुपार कशी गेली ते आम्हा चौघींनाही कळलं नाही.