तुझ्याकडे पूर्ण असेल ना?

"अगं, ही त्याची सख्खी बहीण!" वहिनींनी सगळ्या बायकांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं.

माझ्या हातात पन्ह्याच्या पेल्यांचा ट्रे होता.

कुवेतमध्ये अहमदीतल्या या घरी मी स्वयंपाकाला आहे, मालकिणीला वहिनी म्हणते. माझा दादा इथेच अम्गऱ्याला भंगाराच्या गोदामात कामाला होता. तीन दिवसांपूर्वी तिथे भांडणात त्याला सळईने मारलं. तो गेला. चैत्रातलं हळदीकुंकू होतं, मला सुतक होतं. मी वहिनींना म्हटलं, आज मला बाजूला राहू द्या. त्या म्हणाल्या, "परदेशात कुठलं गं सुतक? ट्रे तेवढा फिरव."

मी ट्रे फिरवत होते. बायका फोन फिरवत होत्या. मारताना कुणीतरी उभं राहून व्हिडिओ काढला होता. सोडवायला कुणी गेलं नव्हतं. मी तो पाहिला नव्हता. पण फोनमधून दादाचा आवाज आला. "आई गं" म्हणाला. दोनदा.

मी थांबले. तेव्हा वहिनींनी ते बोट दाखवलं.

"अय्या, खरंच?" एक बाई म्हणाली. "माझ्याकडे अर्धाच आलाय. तुझ्याकडे पूर्ण असेल ना गं?"

  वहिनी फोनवर काहीतरी लिहीत होत्या. मी चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावून वाचते. 'आमच्या मेडचा सख्खा भाऊ.' आणि व्हिडिओ पुढे गेला.

"वहिनी, पुसा तो."

"मी पुसून काय होणार? सगळीकडे गेलाय."

ते खरं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

मी ट्रे खाली जमिनीवर ठेवला. म्हटलं, "मी फिरवणार नाही." आवाज इतका बारीक होता की मलाच नीट ऐकू आला नाही. पण ट्रे उचलला नाही. शेवटी वहिनींनीच उचलला.

आईला मी खोटं सांगितलंय. दादा शिडीवरून पडला, जागीच गेला, त्रास झाला नाही. आता गावातल्या फोनवर तो व्हिडिओ आज ना उद्या येणार. कुणीतरी तिच्या डोळ्यांसमोर धरणार. मला ते अडवता येत नाही. कुणाच्या पाया पडू? किती जणांच्या?

सकाळी उठल्याबरोबर मी आईला फोन करणार. त्याला मारलं, हे सांगणार. त्याने तुझं नाव घेतलं, तेही सांगणार. ती ओरडेल. ते मी ऐकणार, फोन ठेवणार नाही.

तिला हे माझ्या तोंडून कळेल. त्यांच्या व्हिडिओतून नाही.