उडव

फोटो धुण्याच्या औषधाचा आंबट वास आला, की मला अंबडजवळचं ते तळं आठवतं. निजामाच्या राज्यात तिथल्या तहसीलदारसाहेबांना दिवाणखान्यात टांगायला उडत्या सारसाचा फोटो हवा होता, आणि तालुक्यात कॅमेरा माझ्या एकट्याकडेच होता. सकाळपासून मी पोटरीभर चिखलात उभा होतो. समोर सारसांची जोडी निवांत बेडूक टिपत होती, पण उडायचं नाव घेत नव्हती. साहेबांनी सोबत दिलेला बंदूकवाला शिपाई बांधावर बिड्या ओढत बसला होता. शेवटी मी वैतागून त्याच्यावर ओरडलो, "अरे, बघत काय राह्यलास? उडव की जल्दी!" मला म्हणायचं होतं, खडा मार, हाकल. त्यानं बराबर नेम धरला आणि एक सारस पाण्यात आडवा केला. "तुमीच म्हन्ले ना, उडव म्हनून?" तो म्हणाला. मी कॅमेरा सरसावला, कारण तेवढ्यात दुसरा सारस किंचाळत उठला होता, आणि लांब न जाता मेलेल्याच्या अंगावरच घिरट्या घालत होता. इतका सोपा पक्षी पुन्हा मिळणार नव्हता. त्याचे पंख पुरते उघडेपर्यंत मी थांबलो आणि मग खटका दाबला. "क्या उडान है!" साहेब खूश होऊन म्हणाले. त्या फोटोची एक प्रत अजून माझ्या भिंतीवर आहे आणि येणारे-जाणारे तिची तारीफ करतात. फोटो असा आखूड का, हे कुणी विचारत नाही. खालची दोन बोटं रुंद पट्टी मी कात्रीनं कापली होती. तिथं पाण्यावर पसरलेला एक पंख आला होता, आणि त्यानं फोटो बिघडत होता.