साडेतीन तासांची अमेरिका

ताईचं बाळंतपण सॅन फ्रान्सिस्कोला होणार होतं, म्हणून आई निघाली. आयुष्यात पहिल्यांदा विमान, आणि तेही एकटीने. मुलुंडच्या आमच्या घरात तिकिटाची प्रिंट आली आणि बाबा ती घेऊन बसले. उभी हयात ड्राफ्ट्समनची नोकरी केलेली. माप जुळलं नाही की त्यांना चैन पडत नाही.

"सोमवारी दुपारी चारला निघणार, सोमवारीच संध्याकाळी साडेसातला पोचणार. साडेतीन तासांत अमेरिका? चिपळूणला जायला जास्त वेळ लागतो."

"सोळा तास लागतात, बाबा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे आहे." एवढं सांगून मीच अडखळलो, कारण परतीच्या तिकिटावर सोमवारी निघून बुधवारी पोचायचं लिहिलं होतं.

आईची पंचाईत वेगळीच. "मी बीपीची गोळी सकाळी घेते. आता सकाळ कुठली धरू?"

आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हातातलं घड्याळ बदलू नका. पोचेपर्यंत तेच बघून गोळी घ्या."

अंतर बाबांनी स्वतः मोजायचं ठरवलं. माझ्या शाळेच्या नकाशावर त्यांनी दोरा ताणला. तो अरबस्तान, आफ्रिकेवरून, समुद्र ओलांडून गेला. पण सोमवारी आईला विमानतळावर सोडून आलो, मोबाइलवर विमान बघितलं, तर ते सरळ उत्तरेकडे निघालेलं.

"अरे, हे रशियात कुठे चाललंय?"

"पृथ्वी गोल आहे ना. वरून गेलं की जवळ पडतं."

"मग माझा दोरा चुकला?"

"दोरा नाही, नकाशा सपाट आहे."

त्यांना ते पटलं नाही. मलाही नीट पटवता आलं नाही.

मंगळवारी सकाळी सहाला भावोजींचा फोन आला. ताईला दोन आठवडे आधीच कळा आल्या होत्या आणि मुलगी झाली होती. दोघी ठीक होत्या. बाबांनी डोळे पुसले आणि कॅलेंडरवर मंगळवारच्या चौकोनात 'नात' असं लिहिलं.

"बाबा, इथे सोमवार आहे. दाखल्यावर सोमवारच लागेल," भावोजी म्हणाले.

बाबा पेन हातात धरून उभेच राहिले. "आणि तुझी आई? ती आत्ता कुठल्या वारात आहे?" त्यांनी मला विचारलं.

अडीच तासांनी आईचा फोन आला. आजी झाल्याचं भावोजींनी तिला विमानतळावरच सांगितलं होतं. ती आधी रडली, मग म्हणाली, "अहो, घड्याळात सकाळचे साडेआठ वाजलेत आणि बाहेर दिवे लागलेत. गोळी घेतली मी. बाळ झालं तेव्हा मी कुठे होते हो?"

"रशियाच्या पुढे कुठेतरी," बाबा म्हणाले.

"खिडकीतून खाली सगळं पांढरं दिसत होतं. मला वाटलं, ढग आहेत."

बाबांनी कॅलेंडरवरचा मंगळवार खोडला नाही. सोमवारच्या चौकोनातही 'नात' लिहिलं.