न्यायाधीशांच्या मेजावरचा डाग

गल्लीत तिला सगळे फौजदार म्हणायचे. पाठीमागे, अर्थात, तोंडावर म्हणायला छाती लागते. रस्त्यावरचा दिवा बंद पडला की कचेरीत अर्ज घेऊन जाणारी ती, आणि 'अर्ज हरवला' म्हणणाऱ्या कारकुनाला त्याच्याच फायलींखालून तो उपसून दाखवणारीही तीच. शाळा चौथीपर्यंत. पण चष्मा लावून कागद वाचायला बसली की भल्याभल्यांना घाम फुटायचा.

अशी ही बाई एका न्यायाधीशाच्या घराची मालकीण झाली, हीच मुळात गंमत. कधीकाळी त्या घरात एक नामांकित न्यायाधीश राहायचा आणि फौजदारची आई त्याच्याकडे इस्त्रीचं काम करायची. मागच्या दारानं यायची, मागच्या दारानं जायची. पुढं न्यायाधीशाच्या पुतण्यांनी घर विकायला काढलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, एखादा व्यापारी घेईल. घेतलं हिनं. पहिल्या दिवशी ती पुढच्या दारानं आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. असं चारदा.

"अगं, काही विसरलीस का?" मास्तरांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, विचारलं.

"नाही हो. दार चालतंय का बघतेय."

घरात पाच खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. सून फोनवर खोल्या द्यायची, फौजदार चादरी आणि शिस्त सांभाळायची, आणि मास्तर इतिहास सांभाळायचे. त्यांनी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता. तिथं पुस्तकाबाहेर जायची सोय नव्हती. ती सगळी भूक त्यांनी इथं भागवली. खोलीखोलीत सुबक अक्षरातल्या पाट्या लागल्या. आरशात कोणी एक सेनापती डोकावून गेला, खुर्चीवर कोणी एक कवी रुसून बसला. न्हाणीतल्या बादलीचंसुद्धा वय त्यांनी दीडशे वर्षं लावलं होतं, आणि बादली प्लास्टिकची होती.

त्यातली सगळ्यात गाजलेली पाटी तीन नंबरच्या खोलीतल्या मेजावर होती: 'याच मेजावर न्यायाधीश महाराजांनी आपला प्रसिद्ध निकाल लिहिला. विचारांच्या भरात मेणबत्ती कलंडली, तो हा डाग.' पाहुणे त्या काळ्या डागावर हळूच बोट फिरवायचे आणि फोटो काढायचे.

ते मेज तिच्या आईचं होतं, इस्त्रीचं. फौजदारला हे पक्कं ठाऊक होतं. त्याच मेजाखाली बसून ती बाराखडी शिकली होती. पण ती गप्प राहिली. जगाशी भांडणारी ही बाई इथंच का गप्प? तर पाहुण्यांना न्यायाधीश लागतो. इस्त्रीवालीच्या खोलीत झोपायला कोण येणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. खोली रिकामी असली की मात्र ती पाटी उचलून कपाटात टाकायची, घोंगडी अंथरायची आणि त्याच मेजावर चादरींना इस्त्री करायची. दुसऱ्या कुठल्या टेबलावर तिची कंबर धरायची.

मग जुन्या वास्तूंच्या खात्याकडून पत्र आलं. तपासणी होणार होती. फाटकावरची 'ऐतिहासिक वास्तू' ही पितळी पाटी राहायची की काढायची, ते ठरणार होतं. पाटी गेली की पाहुणे बसस्थानकाजवळच्या नव्या हॉटेलात जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तपासनीस बाई अकराला येणार होत्या, आल्या पावणेदहाला. फौजदार तीन नंबरमध्ये सातवी चादर दाबत होती. सून धापा टाकत आली, "आई, आल्या!" आणि मागोमाग बाईच आत. फौजदारनं इस्त्री बंद करून पलंगाखाली सरकवली, मास्तरांनी घोंगडी ओढली, सुनेनं पाटी जागेवर ठेवली. उलटी.

तपासनीस बाईंनी पाटी सुलट करून वाचली. मग खुर्ची ओढून मेजाशी बसल्या. मेज त्यांच्या हनुवटीपर्यंत आलं.

"न्यायाधीश उभ्यानं लिहायचे का हो?"

"उभ्यानंच!" मास्तर तयारच होते. "न्याय ताठ कण्यानं द्यावा, असं त्यांचं मत."

"आणि मेणबत्तीचा डाग हा असा? होडीसारखा?"

आता मास्तरांचा पाय घसरला, आणि घसरला तो थेट खड्ड्यात. "त्याचं काय आहे, मॅडम, एक प्रवाद असाही आहे की घरातल्या कुण्या वेंधळ्या इस्त्रीवालीनं मेज जाळलं. पण महाराजांनी मोठ्या मनानं तिला क्षमा केली."

सुनेनं डोळे मिटून घेतले.

"वेंधळी?" फौजदार म्हणाली. "कोण वेंधळी?"

"अगं, ते आपलं…"

"तुमची सासू होती ती!"

दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली कोळशाची जुनी इस्त्री ठेवलेली असायची. फौजदारनं ती दोन्ही हातांनी उचलली. मास्तर दोन पावलं मागे सरकले. तिनं इस्त्री डागावर ठेवली. टोकाला टोक, कडेला कड, तसूभर इकडंतिकडं नाही.

"ऐका, मॅडम. माझी आई कॉलर दाबत होती. वरून हाका सुरू, 'चष्मा कुठाय, चष्मा कुठाय!' तीन हाकांना ओ नाही दिली तर घर डोक्यावर घ्यायचे. तिनं हातातली इस्त्री तिथंच टेकवली आणि धावली. चष्मा त्यांच्या कपाळावर होता! वर तिलाच बोलले. म्हणून आठ दिवस तिनं त्यांच्या कॉलरला हात लावला नाही. न्यायाधीश चुरगळलेल्या कॉलरनं न्याय देत बसले. नवव्या दिवशी खाली येऊन म्हणाले, 'बाई, माझं चुकलं.' कोणी कोणाला क्षमा केली ते लिहा आता. आणि न्यायची तर न्या ती पितळी पाटी!"

तपासनीस बाईंनी चष्मा सारखा केला. नाकावरच आहे, याची खात्री केली असावी.

"पितळी पाटी घराची आहे. घराच्या भिंती खऱ्या आहेत, ती राहील," त्या म्हणाल्या. "पण या खोल्यांतल्या थापा पंधरा दिवसांत उतरवा. बादलीपासून सुरुवात करा. आणि या मेजाची पाटी नव्यानं लिहा, ती मी पुन्हा येऊन वाचणार आहे."

दुपारी मास्तर ब्रश घेऊन बसले, कान धरलेल्या पोरासारखे.

"सुरुवातीला 'थोर' लिहू का गं?"

"काही नको. 'माझी आई इथं उभी राहून इस्त्री करायची', एवढंच लिहा."

"'जावई' म्हणून माझंही नाव कुठं तरी…"

"ब्रश द्या इकडं."

पुढच्या आठवड्यात तीन नंबरला एक साहेब उतरले. पाटी वाचली, डागावर बोट फिरवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "मावशी, फारच छान. त्याच मेजावर माझा शर्ट जरा इस्त्री करून मिळेल का? उद्या मिटिंग आहे."

"मेज खोलीत आहे," फौजदार म्हणाली, "विजेची इस्त्री पलंगाखाली आहे. आणि हात तुमच्याकडं आहेतच."

साहेबांनी शर्ट स्वतः दाबला. कॉलर जरा वाकडीच आली, पण मेज जळलं नाही. कोणी हाकाच मारत नव्हतं ना वरून.