पोटरीतली गुठळी

प्राचीचा डावा पाय उजव्यापेक्षा जाड दिसत होता. खराडीतल्या एका कॉल सेंटरच्या मेडिकल रूममध्ये मी डॉक्टर आहे. ती म्हणाली, "मॅडम, मुरगळला असेल. क्रेप बँडेज बांधून द्या, सीटवर जायचंय."

पोटरी गरम होती, दाबली की कळ येत होती. पाय मुरगळल्याचं काही तिला आठवेना. कसल्या गोळ्या चालू आहेत का, विचारलं. तेव्हा तिने सांगितलं. फ्लोअरवरच्या गणपतीची आरती तिच्या टीमकडे होती आणि नेमकी पाळी यायची होती. पाळीत आरतीला हात लावायचा नाही, हा टीम लीडचा नियम. एसी फ्लोअर, अमेरिकन क्लायंट आणि नियम हा! यवतमाळची मुलगी, अजून प्रोबेशनवर. नाही कसं म्हणणार? शेजारच्या मुलीने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दिल्या, हिने घेतल्या. त्यात बायो ब्रेक, म्हणजे लघवीला जायची रजा. ती टीमच्या स्कोअरमधून कापतात. म्हणून पाणी कमी, उठणं त्याहून कमी.

पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. नुसतं बसून राहिलं की तो पंप मंदावतो, रक्त रेंगाळतं. असल्या गोळ्यांनी ते गोठायचा धोका वाढतो. रक्तात बारीक धाग्यांचं जाळं तयार होतं, त्यात पेशी अडकतात, शीर तुंबते. ही गुठळी. तिचा तुकडा सुटला तर तो फुप्फुसात जाऊन अडकतो. माणूस मरू शकतो.

मी मॅनेजरकडे कॅब मागितली. डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, आत्ताच हवी.

साहेबांनी आवाजही चढवला नाही. "अहो डॉक्टर, क्लायंट फ्लोअरवर आहे. शिफ्ट संपली की कॅब आहेच. आपण औषधं द्यायला आलात की युनियनची पत्रकं वाटायला?"

पत्रकं मी कॉलेजात वाटली आहेत. त्याचा पश्चात्ताप नाही. प्राचीला धरून खाली आणलं, रिक्षा केली.

सिग्नलला तिला धाप लागली. छातीवर हात दाबत म्हणाली, "मॅडम, सिस्टिमवर ब्रेक टाकायचा राहिला. टीमचा स्कोअर जाईल."

तुकडा फुप्फुसात पोचला होता.

वाचली. आयसीयूतून घरी गेली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. प्रोबेशन मात्र वाचलं नाही. कंपनीला हजेरी कमी वाटली.

एकच पाय सुजला आणि दुखला तर डॉक्टर गाठा. मॅनेजरला विचारत बसू नका.

कंपनीनेही धडा घेतला म्हणे. कूलरवर पोस्टर लागलंय: 'भरपूर पाणी प्या'. प्यायलेलं पाणी कुणाच्या वेळेत बाहेर काढायचं, ते त्यावर लिहिलेलं नाही.