भाईंचा क्वार्टरबॅक

"थांब गो बाय, परत बघू," असं म्हणत भाई टीव्हीच्या काचेवर टिचकी मारायचे आणि कॅसेट मागे न्यायचे. मागे, आणखी मागे. समोर गिऱ्हाईक ताटकळत असो की आमचा अरबाब "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत असो, त्यांना काही फरक पडत नसे. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा असेलच. त्याच्यामुळे सगळ्यांचं अडतं आणि त्याच्यावर धड रागावताही येत नाही. मला मात्र रागावता यायचं. मी रोज रागवायचे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहारिनमध्ये, मनामा शहरात आमचं व्हिडिओचं दुकान होतं. दुकान अरबाबचं, म्हणजे बहारिनी मालकाचं. आमचं म्हणायचं ते सवयीनं. अमेरिकेतून आलेल्या कॅसेट इथल्या व्हीसीआरवर चालत नसत, त्या चालतील अशा करून द्यायचं काम मुख्य. मशीनवर भाई, काउंटरवर मी. मी नागपूरची, नवरा एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. भाई रत्नागिरीकडचे, पन्नाशी उलटलेले, अराद वस्तीत चौघांत एक खोली. बायको आणि मुली गावाला. माझं "काय करून राहिले, भाई?" ऐकून ते हसायचे आणि त्यांचं "अगो बाय" ऐकून मी.

भाईंना क्रिकेटचं वेड नव्हतं. त्यांना वेड लागलं अमेरिकन फुटबॉलचं, तेही आमच्या एका गिऱ्हाइकामुळे.

हे गिऱ्हाईक अमेरिकन छावणीतलं. आम्ही त्याला सार्जंट म्हणायचो. उंच, हळू बोलणारा. त्याचा धाकटा भाऊ तिकडे कॉलेजच्या संघात क्वार्टरबॅक होता. फुटबॉल म्हणायचं, पण खेळ हातांचा. चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो. समोरून पाच-सहा रेडे अंगावर धावून येत असतात आणि तेवढ्यात त्याला ठरवावं लागतं, कुणाकडे फेकायचा. दोघा भावांची आई प्रत्येक सामना टेप करून पाठवायची. सार्जंट त्या कॅसेट आमच्याकडे आणायचा, आणि भाई एकेक सामना डोळ्यांत तेल घालून बघायचे.

"अरे, कॉपी करायची आहे फक्त! बघायची कशाला?" मी म्हणायचे.

"न बघता कसा कळणार पोरगा कसा हाय तो?"

"कळून तुम्हाला काय करायचंय?"

टिचकी, आणि कॅसेट मागे.

हळूहळू त्यांच्या तोंडी तो "आपला पोरगा" झाला. पोरगा आपटला की भाई खुर्चीत आखडायचे. आमच्या लोकांनी फ्लॅटमध्ये चौदा एप्रिलचा कार्यक्रम केला, तेव्हा भाई कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, खिरीची दुसरी वाटी घेतली आणि माझ्या नवऱ्याला कोपऱ्यात गाठून बराच वेळ क्वार्टरबॅकचे पाय कसे पडायला हवेत ते करून दाखवत राहिले. नवरा घरी गेल्यावर मला म्हणाला, "हा माणूस तुझ्या दुकानात काम तरी करतो का?"

त्या एप्रिलमध्येच पोराची निवड होणार होती. तिकडचे मोठे व्यावसायिक संघ वर्षातून एकदा कॉलेजातले खेळाडू पारखून घेतात. एकेक संघ पाळीपाळीनं नाव पुकारतो. ज्याचं नाव आलं तो तरला. पोराला गावच्या शाळेनंही नोकरी देऊ केली होती, मुलांना खेळ शिकवायची. शाळेला उत्तर निवडीच्या आधी हवं होतं. आई म्हणत होती, नोकरी घे. पोरगा म्हणत होता, नाव येईल.

सार्जंट एक दिवस स्टूल ओढून भाईंसमोर बसला. "माझ्याइतकेच सामने तू पाहिले आहेस," तो म्हणाला. "खरं सांग. घेतील त्याला?"

मी काउंटरवरून भाईंना डोळ्यांनी खुणावत होते. हो म्हणा. काय जातं तुमचं?

भाई कधी नव्हे ते लगेच बोलले. "गुड बॉय. व्हेरी ब्रेव्ह. पण ठरवायला उशीर करतो. चेंडू हातात धरून बसतो. मोठ्या संघात तेवढा वेळ कोण देणार? शाळेची नोकरी घेऊ दे."

सार्जंट उठला. त्यानं एकेक कॅसेट उचलून पिशवीत भरली. "तू कधी चेंडू हातात तरी धरलायस?" एवढंच विचारून तो गेला.

मी भाईंवर अक्षरशः तुटून पडले. "उशीर करतो म्हणे! हे तुम्ही सांगताय? एक कॅसेट संपवायला ज्यांना आठवडा लागतो ते?"

"माझा उशीर वेगळा, बाय. माझ्या अंगावर कोण धावून येत नाय."

धावून आलं ते वेगळंच. सार्जंटपाठोपाठ छावणीतलं बहुतेक काम दुसऱ्या दुकानात गेलं. अरबाबनं भाईंना विचारलं, गिऱ्हाइकाला काय बोललास? भाईंनी जसंच्या तसं सांगितलं. तेही मला नको होतं. निदान तिथे तरी काही सारवासारव करायची! पण नाही.

निवड दोन दिवस चालली. दुसऱ्या दिवसानंतरच्या सकाळी एक अमेरिकन गिऱ्हाईक कॅसेट घ्यायला आलं. भाईंनी त्याला दारातच गाठलं. सार्जंटच्या भावाचं काय झालं?

"घेतला," तो म्हणाला. "अगदी शेवटी शेवटी, पण घेतला."

भाई मशीन तसंच चालू टाकून रस्ता ओलांडून पळाले आणि जिलबीचा खोका घेऊन आले. "चुकलो गो बाय! साफ चुकलो!" असा आनंद मी जिंकणाऱ्याच्या तोंडावरही पाहिलेला नाही. त्यांनी मला जिलबी दिली, अरबाबला दिली, उरलेला खोका सार्जंटसाठी त्या गिऱ्हाइकाच्या हातात कोंबला. मग दिवसभर दर वेळी दार वाजलं की मान वर करून बघत राहिले.

सार्जंट आला नाही.

जूनमध्ये भाईंचा व्हिसा संपत होता. अरबाब म्हणाला, काम नाही, व्हिसा मफी, म्हणजे मिळणार नाही. मी भांडले. हिंदीत, इंग्रजीत, येत होतं तेवढ्या अरबीत. अरबाब वाईट माणूस नव्हता, त्यानं छावणीच्या कामाचं रिकामं कपाट उघडून दाखवलं आणि म्हणाला, "खलास." भाई मात्र शेजारी मशीन पुसत उभे होते, जणू दुसऱ्याच कुणाचा व्हिसा.

"तुम्ही का बोलत नाही?" मी ओरडले. "दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत तुमच्या! सार्जंटला एक गोड शब्द बोलला असतात तर ही वेळ आली असती का?"

"बोललो असतो गो," ते म्हणाले. "पण त्यानं खरंच विचारलं होतं."

ते गेले. नव्या माणसानं त्यांच्या जागी येऊन काम झपाट्यानं उरकायला सुरुवात केली. तो काहीच बघायचा नाही. काम वेळेवर होऊ लागलं, आणि तेही मला सहन होईना.

सप्टेंबरात इथला उन्हाळा सरता सरता सार्जंट दुकानात आला. भाईंच्या खुर्चीकडे बघून थबकला. मी सांगितलं, गेले. का गेले तेही सांगितलं. मला वाटलं होतं, हे सांगताना फार बरं वाटेल. तसं काही झालं नाही. तो स्टुलावर बसला आणि सांगू लागला. पोराला संघानं सीझन सुरू व्हायच्या आधीच काढून टाकलं होतं. शाळेची नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली होती. पोरगा घरात बसून होता.

"जिलबी मिळाली होती," तो म्हणाला. "मी यायला हवं होतं." मग उठला आणि म्हणाला, "त्याला कळव."

भाईंच्या गावी शेजाऱ्यांकडे फोन होता. शुक्रवारी मी आणि नवरा फोन बूथवर गेलो. भाईंना बोलावून आणेपर्यंत जीव टांगणीला. लाइन अशी, की समुद्रच कानात शिरलाय.

"भाई, सार्जंट आला होता!"

"पोरगा कसा हाय?" त्यांचं पहिलं वाक्य.

"काढला, भाई! संघातनं काढला!"

"काय?"

"काढला!"

"खेळला?"

"नाही, काढला! का-ढ-ला!"

मग भाई फोनपासून तोंड फिरवून कुणाला तरी, बहुतेक बायकोला, ओरडून सांगत होते, "खेळला गो! ऐकलंस? आपला पोरगा खेळला!" मागे बायकांचं हसणं ऐकू आलं. भाई परत फोनवर आले, काहीतरी भराभर बोलले, त्यातलं "सार्जंटला माझा सलाम" एवढंच मला कळलं. आणि लाइन तुटली.

नवऱ्यानं फोनचं कार्ड पुढे केलं. "लाव परत. नीट सांग त्यांना."

मी रिसीव्हर हातात धरून उभी राहिले. मागे रांगेत माणसं चुळबुळत होती.

"राहू दे," मी म्हणाले.