काठी दोनदा

वासुदेवमामांनी पहिल्याच दिवशी माझा डावा हात धरून माझ्याच पँटच्या खिशात कोंबला. "हा बाहेर काढू नको गा. दोन्ही हात लावशील त करंट सीधा छातीतून जाईन." मामा आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात विजेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. शिक्षण चौथी, पण आम्हा पोरांना प्राध्यापकांपेक्षा त्यांचीच धास्ती.

सत्तर सालानंतर संशोधनासाठी उच्च दाबाची यंत्रणा आली. तिच्यातले वीज साठवणारे कपॅसिटर तेलाच्या डब्याएवढे. बटण बंद केलं, की मामा जमिनीशी तार जोडलेली काठी त्यांना टेकवत. फाडकन ठिणगी उडे. मग थोडा वेळ वाट बघून पुन्हा टेकवत. "बंद झालं म्हणजे मेलं, असं नसते. ते परत येते." हे ते इतकं हळू सांगत, की खोलीत आणखी कुणी आहे असं वाटे. आम्ही हसायचो. एकट्याने तिथे थांबायला मात्र कुणी तयार नसे.

मामा निवृत्त झाले आणि मी तिथेच शिकवू लागलो. दोनदा काठी लावण्यापायी तासात प्रयोग संपत नसे. मी सूचनांचा कागद नव्याने सायक्लोस्टाइल केला: काठी एकदा लावावी. मी मोठा शहाणा ना!

एका दुपारी मामा पेन्शनच्या कागदावर सही घ्यायला आले. मी काठी एकदा लावून, वहीत आकडे उतरवून, तारा सोडवायला दोन्ही हात पुढे केले होते.

"थांब गा!"

मला मागे ओढून त्यांनी काठी टेकवली. फाडकन ठिणगी उडाली.

मामांनी टेबलावरचा सूचनांचा कागद अक्षर अक्षर लावत वाचला.

"अन् हे वाचून जे पोरं गेले, त्याईचं काय, सर?" 'सर' त्यांनी मला प्रथमच म्हटलं.

दोन तुकड्या पास होऊन गेल्या होत्या, बरेच जण वीजकेंद्रांत. मी प्रत्येकाच्या घरी पत्र घातलं: काठी दोनदा लावा, पोच कळवा. मामा दर सोमवारी येत. "आलं का गा?" उत्तरं येत गेली. शेवटी एकच राहिलं.

ते आलं तेव्हा मामा समोरच बसले होते. मुलाच्या वडिलांचं कार्ड. अशुभाच्या पत्रासारखं वर 'श्री' नव्हतं. खाली लिहिलं होतं, "मशीन तर बंद होती म्हणतात."

मामांनी कार्ड वाचलं आणि उठून गेले. पुन्हा आले नाहीत. त्यांच्या घरी जायचा धीर मला त्यांच्या मयतीलाही झाला नाही.